सोळा वर्षांचे पाच लाख: भरपाई की थट्टा?

गोदाकाठी: जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेत एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाले. भटक्या जमातींतले सहा जण पकडले गेले. २००६ ला सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्यांना फाशी! मग ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. भरपाई प्रत्येकी पाच लाख. तुरुंगातल्या सोळा वर्षांनी भागा, दिवसाचे ८६ रुपयेही भरत नाहीत.

सातपूरकर: आणि वाचलेल्या बाईला काय मिळालं? तिने कोर्टात बोट दाखवून ओळखलं होतं यांना. पोलिसांनी तपासात माती खाल्ली म्हणून सुटले, एवढंच.

गोदाकाठी: ओळखीचं सांगताय तर पूर्ण सांगा. घटनेनंतर लगेच तिने पोलिसांच्या अल्बममधले वेगळेच चार जण ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच चालला नाही. तुमचा राग खरा आहे हो, पण तो या सहांवर का?

इंदिरानगरचे नाना: शेवटी न्याय झाला ना? कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला. अजून काय पाहिजे?

काळा कोट: नाना, नशीब म्हणा. पूर्वी फेरविचार याचिका, म्हणजे कोर्टाला स्वतःचाच निकाल पुन्हा तपासायची विनंती, न्यायमूर्तींच्या दालनातच निकाली निघायची, वकिलाला बोलायला मिळायचं नाही. २०१४ पासून खुल्या सुनावणीचा हक्क मिळाला, तोही फक्त फाशीवाल्यांना. म्हणजे त्या तिघांची जन्मठेप कायम राहिली असती, तर कदाचित आजही आतच असते. फाशी झाली म्हणून वाचले!

सातपूरकर: पण विनाकारण तुरुंगात गेलेल्यांना भरपाई द्यायचा कायदा आला की हवालदार सही करायलाही घाबरेल. आधीच तपासाला माणसं नाहीत.

काळा कोट: पैसे सरकारने द्यायचे आहेत, हवालदाराच्या खिशातून नाही. सरकारला कायद्यांवर सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने २०१८ मध्येच तशी शिफारस केली, कायदा अजून नाही. विनाकारण अटक करवली तर भरपाईची कमाल मर्यादा नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेतही एक हजार रुपयेच आहे. आणि २०१९ च्या निकालात दोषी अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई सांगितली, पण ते 'अजून नोकरीत असतील तर'. सोळा वर्षांनी कोण उरतं?

सातपूरकर: बरं, द्या भरपाई. पण मग ते चौघं कोण होते, हे आज तरी कोणी शोधतंय का? या सहांसाठी सगळे भांडताय, त्या बाईच्या वतीने एकही अर्ज दिसत नाही.