मदत हवी आहे: दुचाकीची लिथियम बॅटरी ७.१ व्होल्टवर आली आहे, उठेल का?

पावसाळीभटक्या

नमस्कार मंडळी. गाडी ३९० ड्यूक. लेड-ॲसिडच्या जागी बसवलेली लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, दोन वर्षं जुनी. गाडी जूनच्या मध्यापासून नऊ आठवडे कव्हरखाली उभी होती. काल चावी फिरवली तर मीटरसुद्धा उजळला नाही. टर्मिनलवर मल्टिमीटर ७.१ व्होल्ट दाखवतो. घरातला लेड-ॲसिडचा स्मार्ट चार्जर लावला की लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जर सुरूच होत नाही. कोपऱ्यावरचे मेकॅनिक म्हणतात, कारच्या बॅटरीला जंपर लावू, सेल्फ मारू, मग चालवता चालवता भरेल. नवीन बॅटरी स्वस्त नाही म्हणून आधी इथे विचारतोय. वायरिंगला जीपीएस ट्रॅकर आहे, तो कायम चालू असतो.

मिलिओहम

जंपर लावू नका आणि त्या चार्जरशी झटापटही करू नका. चार गोष्टी सांगा:

लेबलवर एएच (अँपिअर-अवर) शिवाय वॅट-अवरचा (डब्ल्यूएच) आकडा आहे का?
बाजूला किंवा वर रबरी बुचाखाली पाच पिनांचं बॅलन्स सॉकेट (आतला प्रत्येक सेल वेगळा मोजण्या-भरण्यासाठीचं) आहे का? असेल तर शेजारशेजारच्या पिनांमध्ये चारही सेलची रीडिंग घ्या. प्रोब घसरून दोन पिना एकमेकींना टेकल्या तर ठिणगी पडते, तेव्हा प्रोबच्या टोकाला टेप गुंडाळून फक्त दोन मिलिमीटर टोक उघडं ठेवा.
चारही बाजूंवर स्टीलची पट्टी उभी धरून बघा, कुठे फुगवटा आहे का?
थिनरसारखा गोडसर वास येतो का?

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह.

पावसाळीभटक्या

लेबलवर मोठ्या अक्षरांत १२ एएच, खाली बारीक ४८ डब्ल्यूएच. सॉकेट आहे. पॉझिटिव्हच्या बाजूने सेल १.९२, २.०५, १.८८, १.२४. पट्टी सपाट बसते. वास नाही.

मिलिओहम

छान, आता बोलता येईल.

आधी तो १२ एएच विसरा. तो 'एवढ्या लेड-ॲसिडइतकी सेल्फ मारेल' असा आकडा आहे. खरी क्षमता ४८ भागिले १२.८, म्हणजे ३.७५ एएच. चार्जिंगचा करंट यावरून ठरवायचा. १२ धरून हिशेब केला तर सगळं तिप्पट होतं आणि बऱ्याच बॅटऱ्या उठवताना तिथेच मरतात.

एलएफपी सेल २.५ व्होल्टला रिकामा धरतात. त्याखाली चार्ज जवळपास नसतोच, व्होल्टेज कड्यावरून पडल्यासारखं खाली येतं. तुमचे पहिले तीन सेल २ च्या आसपास आहेत, ते बहुधा वाचतील. चौथा १.२४ वर आहे, खरी काळजी त्याची.

खोल उतरलेल्या सेलमध्ये दोन बिघाड होतात. सेलच्या निगेटिव्ह बाजूच्या ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर खराब होतो, त्यातून गॅस आणि फुगवटा. दुसरा जास्त वाईट: ग्रॅफाइट तांब्याच्या पातळ फॉइलवर चढवलेलं असतं. सगळं लिथियम निघून गेलं की त्या बाजूचं पोटेन्शियल चढत जातं आणि एका टप्प्यानंतर तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतं. चार सेल सिरीजमध्ये असताना सर्वांत कमजोर सेलला बाकीचे तिघे आणखी खाली ढकलतात, प्रसंगी उलटा करतात. पुढे चार्ज केलं की तेच तांबं सुयांसारखं जमतं आणि सेपरेटरमधून (दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या पडद्यातून) आत बारीक शॉर्ट तयार होतो. असा सेल व्होल्टेज घेतो, पण धरून ठेवत नाही.

म्हणून व्होल्टेज वर आलं एवढ्यावरून बॅटरी वाचली असं धरू नका. चार्जरचा हिरवा दिवा याबाबतीत काहीच सांगत नाही.

तुमच्याकडे व्होल्ट आणि अँप दोन्ही बांधता येणारा बेंच पॉवर सप्लाय आहे का? इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे हमखास असतो.

गॅरेजकट्टा

एवढं अवघड कशाला करताय राव? गॅरेजमध्ये चांगल्या बॅटरीला पाच मिनिटं केबलने जोडतात. रिकामी बॅटरी ११-१२ व्होल्टवर आली की स्मार्ट चार्जर तिला ओळखतो. लेड-ॲसिडला आयुष्यभर हेच केलंय.

तारजोड

लेड-ॲसिडला चालतं, कारण तिचा अंतर्गत रोध जास्त असतो आणि उतरलेल्या अवस्थेत तो आणखी वाढतो. इथे हिशेब करा. चांगली बॅटरी १२.७, ही ७.१, फरक ५.६ व्होल्ट. दोन्ही बॅटऱ्या, केबल आणि क्लिपा मिळून ५० मिलिओहम धरले तरी पहिल्या क्षणी ११२ अँप. पावणेचार एएचच्या, तेही बसलेल्या सेलमध्ये.

मेकॅनिकचा 'चालवता चालवता भरेल' हा सल्लाही त्यातलाच. स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारा) आणि रेग्युलेटर (तिचं व्होल्टेज बांधणारा) बॅटरीची अवस्था विचारत नाहीत, रिकामी दिसली की देता येईल तेवढा करंट ढकलतात. शिवाय बॅटरी तुमच्या सीटखाली असते.

पण कल्पना पूर्ण टाकाऊ नाही. मध्ये ५ वॅटचा १२ व्होल्ट बल्ब (पार्किंग किंवा नंबरप्लेटचा) सिरीजमध्ये घाला. निगेटिव्हला निगेटिव्ह थेट, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह बल्बमधून. ५.६ व्होल्ट फरकाला पाव अँपच्या आसपास जातो आणि फरक कमी होईल तसा आपोआप घटतो. चांगली बॅटरी १२.७ चीच असल्यामुळे याच्या वर जाण्याची भीती नाही. बल्ब अर्ध्या-पाऊण तासात मंदावला पाहिजे. तासाभरानेही तसाच पेटत असेल तर आत कुठला तरी सेल शॉर्ट आहे, तिथेच सोडा.

स्मार्ट चार्जरचा 'रिपेअर' किंवा डिसल्फेशन मोड मात्र अजिबात नको. तो लेड-ॲसिडसाठी १५-१६ व्होल्टपर्यंत पल्स मारतो. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जरही नको.

पावसाळीभटक्या

बेंच सप्लाय मिळाला, ३० व्होल्ट ५ अँपचा. पुढे?

मिलिओहम

बॅटरी गाडीबाहेरच ठेवा. अंगणात किंवा गच्चीवर, कडप्प्यावर किंवा फरशीवर, आसपास पडदे-पुठ्ठे नकोत. पाण्याची बादली जवळ असू द्या. एलएफपी सहजासहजी भडकत नाही, पण सेल फुटला तर निघणारा धूर विषारी आणि ज्वलनशील असतो. रात्री लावून झोपणं हा प्रकार बाद.

सप्लायवर आधी व्होल्ट १२.६ ला बांधा. मग क्षणभर दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून करंटचा नॉब ०.१ अँपवर आणा आणि त्यानंतरच बॅटरीला जोडा.

०.१ अँपने एकूण ८ व्होल्ट येऊ द्या. प्रत्येक पाच मिनिटांनी चारही सेलची रीडिंग कागदावर लिहा. नंतर ०.२ अँप, १० व्होल्टपर्यंत. मग ०.३५ अँप, १२.६ पर्यंत. चांगला सेल रिकाम्या अवस्थेतून ३ व्होल्टकडे पटकन उडी मारतो, त्याला फार चार्ज लागत नाही. ०.२ अँपवर तासभर ठेवूनही एखादा सेल २.५ च्या खालीच रेंगाळला तर तो गेला.

०.१ अँप आणि ८ व्होल्ट म्हणजे एक वॅटही नाही. एवढ्यात बॅटरी गरम व्हायला काही कारणच नाही. हाताला कोमट लागली तरी वायर काढा.

१२.६ ला पोचलात की सगळं सोडवून १२ तास नुसती ठेवा आणि पुन्हा चारही सेल मोजा.

नवशिका_रायडर

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या लिथियम बॅटरीवर मीटर ०.३ व्होल्ट दाखवतो. ती तर यांच्यापेक्षाही मेली म्हणायची का?

तारजोड

तसंच असेल असं नाही. तुमच्यात कट-ऑफवाला बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं आतलं सर्किट) असेल तर त्याने सेल खालावताच बाहेरची वाट बंद केली असेल. मीटर बंद दरवाजा मोजतोय, आतले सेल १० व्होल्टवर सुखरूप असू शकतात. काही बॅटऱ्यांवर रीसेटचं बटण असतं, आधी ते दाबा. नसेल तर १३.५ व्होल्ट, ०.२ अँपवर सप्लाय जोडला की बरेचसे बीएमएस उघडतात. उघडताच दिसणारं पहिलं रीडिंग महत्त्वाचं. १० च्या वर असेल तर सरळ लिथियम चार्जर लावा. ८ च्या खाली असेल तर वरचीच कथा.

पावसाळीभटक्या

झालं. पहिले तिन्ही सेल अर्ध्या तासात २.९ च्या वर गेले. चौथा मागे होता, ०.२ अँपवर ४० मिनिटांनी २.५ ओलांडला. १२.६ ला: ३.१९, ३.२०, ३.१९, ३.०२. बारा तासांनी: ३.१४, ३.१५, ३.१४, २.७१. कुठेही गरम नाही.

आणि ट्रॅकरचंही मोजलं. निगेटिव्ह वायरमध्ये मीटर सिरीजमध्ये घालून, इग्निशन बंद: २२ मिलिअँप. ट्रॅकरचा फ्यूज काढल्यावर १.६.

मिलिओहम

चौथा ०.३१ ने पडला, पण इथेच निकाल लावू नका. तळाशी व्होल्टेजचा वक्र इतका उभा असतो की थोड्याशा चार्जच्या फरकाने व्होल्टेज खूप हलतं. खरी परीक्षा भरल्यावर.

सप्लाय १४.४ ला बांधा, करंट १ अँप. पण लक्ष एकूण आकड्यावर नको, सेलवर ठेवा. मागे पडलेला सेल ३.३६ वर असताना बाकीचे तिघे ३.६८ वर पोचतात आणि बेरीज १४.४ दिसते, म्हणजे वरकरणी सगळं आलबेल. कुठलाही सेल ३.६० ला पोचला की थांबा. मग सप्लाय टर्मिनलवरून काढा, ३.६० व्होल्ट ०.२ अँपला बांधा आणि बॅलन्स सॉकेटच्या फक्त चौथ्या सेलच्या दोन पिनांना लावा. पिनांच्या वायरी बारीक असतात, अर्ध्या अँपच्या वर नको. तास-दोन तासांत तो बाकीच्यांना गाठेल.

मग सात दिवस कशालाही न जोडता ठेवा. ३.६० वरून पहिल्या काही तासांत ३.३५ च्या आसपास उतरणं साहजिक आहे, त्याने घाबरू नका. आठवड्याने चारही सेल ३.३३ च्या वर आणि एकमेकांपासून ०.०१-०.०२ मध्ये असले तर बॅटरी वापरा. एलएफपीचा मधला भाग इतका सपाट असतो की ३.३० म्हणजे जवळपास निम्मं रिकामं.

ट्रॅकरच्या आकड्याने बरंच उलगडलं. २२ मिलिअँप म्हणजे दिवसाला ०.५३ एएच. ३.७५ एएच सात दिवसांत संपले. बहुतेक ट्रॅकर ९ व्होल्टखाली स्वतःच बंद पडतात, पण तोवर सेल रिकामे झालेले होते. म्हणजे नऊपैकी आठ आठवडे बॅटरी तळाला पडून होती. किती खाली गेली याइतकंच किती दिवस खाली राहिली, हेही घातक.

पावसाळीभटक्या

सात दिवस पूर्ण. ३.३४, ३.३४, ३.३४, ३.२८.

मिलिओहम

चौथा गेला. आठवड्यात निम्म्याहून जास्त गळला. दोन एएच १६८ तासांत, म्हणजे साधारण १२ मिलिअँप. आतच एक छोटा ट्रॅकर बसलाय म्हणा, आणि याचा फ्यूज काढता येत नाही. ही बॅटरी उद्या सेल्फ मारेलही. पण गाडी चालू असताना चौथा सेल मागे राहिल्यामुळे बाकीचे तिघे रोज मर्यादेच्या वर ढकलले जातील, आणि आतला शॉर्ट वाढत गेला तर ते सीटखाली कळणार नाही. गाडीत घालू नका.

गॅरेजकट्टा

एक सेल बदलून मिळत नाही का?

तारजोड

पॅक स्पॉट-वेल्ड केलेला असतो, वर केस चिकटवलेली. शिवाय तीन जुन्या, मार खाल्लेल्या सेलमध्ये एक नवा घातला की बॅलन्सची तीच बोंब पुन्हा. सेल्फचे शंभर-दीडशे अँप जाणाऱ्या पॅकवर घरगुती सोल्डरिंग नको.

पावसाळीभटक्या, टाकण्याआधी ती रिकामी करा: २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा आणि चौथा सेल २.५ व्होल्टला उतरला की काढा. टर्मिनल आणि सॉकेटवर टेप लावा. भंगारवाल्याला देऊ नका, तो तिला लेडच्या ढिगात टाकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवीन घ्याल त्या दुकानातच जुनी परत द्या.

आणि नवी बसवल्यावर लगेच इंजिन ५००० आरपीएमवर धरून टर्मिनलवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.६ मध्ये हवेत. १५ दिसले तर रेग्युलेटर आधी बदला, नाहीतर नवीही जाईल.

पावसाळीभटक्या

समजलं. नवीच घेतो. ट्रॅकरचं काय करू? काढायचा नाहीये.

तारजोड

आठवड्यातून दोनदा तासभर गाडी चालत असेल तर राहू द्या. त्याहून जास्त उभी राहणार असेल तर लिथियम मोडवाला चार्जर जोडलेला ठेवा. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरी १३.२-१३.३ व्होल्टवर असताना निगेटिव्ह काढून ठेवा. ट्रॅकर तेवढे दिवस त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीवर जेवढा चालेल तेवढाच चालेल, तेव्हा हँडल लॉक आणि साखळी लावा.