डेब पॅकेजमधली मालकी दुरुस्त करताना सेट-यूआयडी बिट उडतो

प्रश्न:
आमच्याकडे दुसऱ्या टीमकडून तयार डेब पॅकेजं (डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायच्या फाइली) येतात. आतल्या सगळ्या फाइली त्यांच्या बिल्ड युजरच्या नावावर असतात, यूआयडी (युजरचा क्रमांक) १००१. माझी शेल स्क्रिप्ट सुडोने (रूट म्हणजे मुख्य युजरच्या अधिकाराने) पॅकेज उघडते, सगळ्यावर 'चाउन' (मालक बदलणारी आज्ञा) लावून मालक रूट करते आणि परत बांधते. मालकी नीट होते, पण एका बायनरीचा सेट-यूआयडी बिट (तो असला की प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो) दर वेळी जातो. उघडल्यावर तो असतो, मी पाहिलंय.

उत्तर १:
बांधतानाच डीपीकेजी-डेबला (डेब बांधणाऱ्या प्रोग्रॅमला) 'रूट-ओनर-ग्रुप' हा सगळी मालकी रूटची करणारा पर्याय द्यायला त्या टीमला सांगा. आवृत्ती १.१९.० पासून आहे. फेकरूटचीही (रूट असल्याचं भासवणाऱ्या साधनाची) गरज नाही.

प्रश्नकर्ता:
सांगितलंय, पण जुनी पॅकेजं आहेत तशीच वापरावी लागणार. शिवाय एक स्पूल डिरेक्टरी (कामं रांगेत ठेवायची जागा) 'मेल' ग्रुपचीच राहायला हवी.

उत्तर २:
बिट चाउनमुळेच जातो. एक्झिक्युटेबल फाइलचा मालक बदलला की लिनक्स कर्नल सेट-यूआयडी काढून टाकतो, आणि २.२.१३ पासून रूटलाही त्यात सूट नाही. चाउननंतर 'चमोड' (परवानग्या बदलणारी आज्ञा) करून बिट परत येईल, पण मग कुठल्या फाइलला काय परवानगी होती याची यादी सांभाळत बसाल. मुळात फाइली डिस्कवर उतरवायच्याच कशाला? मालकी टारच्या (पॅकेजमधल्या फाइली एकत्र बांधणाऱ्या आर्काइव्हच्या) हेडरमध्ये लिहिलेली असते. तेवढीच बदला.

पायथनचं 'टारफाइल' मॉड्यूल घ्या. डेब म्हणजे एआर या प्रकारचं बाहेरचं आर्काइव्ह, त्यातला डेटा टार एकेक नोंद करून वाचा, मालकी बदला, नव्या टारमध्ये लिहा. परवानग्या, सिमलिंक, हार्डलिंक जसेच्या तसे राहतात आणि सुडो लागत नाही.

दोन ठिकाणी जपा. हेडरमध्ये आकडा आणि नाव दोन्ही असतात, आणि डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) आधी नाव बघतो. तुम्ही यूआयडी ० केला पण नाव जुनंच ठेवलंत, आणि त्या नावाचा युजर ग्राहकाच्या मशीनवर असला, तर फाइल त्याचीच होणार. रूट चालवतो ती बायनरी भलत्याच्या ताब्यात जाणं ही साधी चूक नाही, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो. दुसरं, पायथन ३.८ पासून टारचा डीफॉल्ट फॉरमॅट पॅक्स आहे. लांब नावाची फाइल आली की त्यात पॅक्सचा जादा हेडर पडतो आणि डीपीकेजी अडू शकतो. फॉरमॅट स्पष्टपणे जीएनयू द्या.

स्पूलसाठी अपवादांची छोटी यादी ठेवा: पाथ, युजर, ग्रुप. पण त्यात डेबियनचे ० ते ९९ मधले ठरलेले आयडीच घाला. 'मेल' त्यात आहे. इन्स्टॉल करताना तयार होणाऱ्या युजरची मालकी पोस्टइन्स्टमध्येच (पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) द्यायची.

प्रश्नकर्ता:
एमडी५ची फाइल (पॅकेजमधल्या फाइलींच्या चेकसमची यादी) परत काढावी लागेल का?

उत्तर २:
नाही, ती फक्त फाइलींच्या मजकुरावर असते. पण डेबचा स्वतःचा एसएचए२५६ चेकसम बदलतो, त्यामुळे रिपॉझिटरीची यादी नव्याने काढून परत सही करा. आवृत्तीच्या क्रमांकालाही शेपूट जोडा, नाहीतर ज्यांच्याकडे जुनं पॅकेज बसलंय त्यांना एपीटी (रिपॉझिटरीतून पॅकेजं आणणारा प्रोग्रॅम) दुरुस्त पॅकेज सुचवेल याची खात्री नाही. एआर परत बांधताना क्रम तोच ठेवा: डेबियन-बायनरी, कंट्रोल (पॅकेजची माहिती आणि स्क्रिप्ट), डेटा.

प्रश्नकर्ता:
झालं. डीपीकेजी-डेबच्या यादीत सगळं रूटचं दिसतंय, स्पूल 'मेल'कडे आहे, आणि बिट जागेवर आहे. कंट्रोल टारमध्येही १००१ होता, तोही बदलला.