आठ वर्षं उभं असलेलं सेस्ना १७२

प्रश्न: लायकमिंग ओ-३२० इंजिनाचं, आठ वर्षं उभं असलेलं हे छोटं विमान घेतोय. आधी सुरू करून पाहावं का?

उत्तर १: अजिबात नको, प्रोपेलर हातानेही फिरवू नका. या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. तेल निथळतं आणि तोच आधी गंजतो. एक सिलिंडर उतरवून कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकून झडपा ढकलणारे तुकडे) बघा. खड्डे दिसले तर इंजिन उघडावंच लागेल.

उत्तर २: कॅम स्वच्छ निघाला तर नवं तेल भरा, प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढा आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत मारा. जुने रबरी होज (नळ्या) सरसकट बदला. इंधनाचा होज आतून सोलला की तुकडे कार्बुरेटरमध्ये अडकतात.

उत्तर ३: पंखांत, शेपटीत उंदरांची घरटी शोधा. त्यांच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ते रंगाखाली दिसत नाही.