पायथॉन: लिस्टमधून शून्यं काढताना एक शून्य उरतंच, मदत हवी आहे

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब यंदा हौसेने पायथॉनमध्ये करतोय. ज्यांची वर्गणी आली नाही त्यांच्यापुढे ० आहे. फॉर लूप फिरवून, ० दिसला की रिमूव्ह, एवढंच केलं.

लिस्ट होती ५००, ०, ०, २५१, ०, १०१. उरली ५००, २५१, ०, १०१. एक शून्य चिकटून बसलंय!

प्रत्येक फेरीत प्रिंट टाकून पाहिलं. पहिलं शून्य उडालं की मागचे सगळे एकेक घर डावीकडे सरकतात, पण लूप आपला पुढच्याच घरात उडी मारतो. त्यामुळे शेजारचं शून्य त्याला दिसतच नाही. १०१ तर त्याने पाहिलाच नाही. इथपर्यंत कळलं.

लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (कंसातच एका ओळीत लूप लिहून) नवी लिस्ट केली तर उत्तर बरोबर येतं. पण बेरीज करणाऱ्या दुसऱ्या फंक्शनकडे जुनीच लिस्ट राहते, तिथे शून्यं तशीच. तीच लिस्ट जागच्या जागी साफ कशी करायची? डावीकडे नावापुढे चौकटी कंसात नुसता कोलन देऊन भरतात असं ऐकलंय, ते इथे चालेल का? की शेवटून उलटं फिरत डिलीट करू?