मोडी रुमालांचे फोटो काढायचे आहेत : फोन, प्रकाश, नोंदी याबद्दल सल्ला हवा

वतनवाट
पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरातले काही ‘घडणी’ वर्गातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आणि एका परगण्याचे प्रांत अजमास (जमाखर्चाचे अंदाज) बघायचे आहेत. विषय इनाम जमिनींचा, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. मोडी येते पण वेग नाही, म्हणून फोटो घेऊन घरी सावकाश वाचायचा बेत आहे. १२ मेगापिक्सेलचा फोन पुरेल की कॅमेराच लागेल? ट्रायपॉड नेऊ दिला नाही तर काय? स्कॅनर ॲप वापरावं का? आणि शेकडो फोटो झाल्यावर कुठला कागद कुठल्या रुमालातला हे कसं लक्षात ठेवता?

काजळीशाई
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण सगळ्यात जास्त काम तिथेच वाया जातं. फोटो कितीही सुरेख असला तरी रुमाल क्रमांक नसेल तर तो लेखात वापरता येत नाही, आणि खात्री करायला पुन्हा मूळ कागद मागवायचा तर मागणीपत्रात काय लिहिणार?

कागदाच्या साधारण दोन बोटं रुंद पट्ट्या कापून न्या. पट्टीवर पेन्सिलीने दप्तराचं नाव, रुमाल, पुडके (रुमालातला छोटा गठ्ठा), कागद क्रमांक लिहा आणि ती कागदाच्या बाजूला, कागदावर न चढवता, प्रत्येक फोटोत येऊ द्या. शेजारी १५ सेंटिमीटरची मोजपट्टी ठेवा, म्हणजे कागदाचा आकारही नोंदला जातो. पुडकं संपलं की रिकाम्या टेबलाचा एक फोटो घ्या. नंतर फोटो चाळताना कुठे काय संपलं ते लगेच कळतं.

घरी आल्यावर फाइलचं नाव ४१२-०३-०१७-१ असं ठेवा : रुमाल, पुडके, कागद, बाजू (१ पुढची, २ पाठची). आकड्यांपुढची शून्यं गाळू नका, नाहीतर १० नंबरचा कागद २ च्या आधी लागतो. पाठ कोरी दिसली तरी तिचा फोटो घ्याच. ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे कारकुनी शेरे किंवा पुसट शिक्का पाठीवर असला तर तो फोटोत आला पाहिजे.

स्कॅनर ॲप नको. ती ॲप कागद पांढरा आणि शाई काळी करतात, त्यात फिकट रेघा उडतात. हिशेबाच्या कागदात हे फार महागात पडतं. रुपये १२॥। (पावणेतेरा) मधली शेवटची उभी रेघ गेली की पाऊणचे अर्धे झाले, आणि फोटोत ते इतकं स्वच्छ दिसतं की शंकाही येत नाही. याच कारणाने फोनमधलं एआय सुधारणा, एचडीआर, नाइट मोड वगैरे सगळं बंद ठेवा. जास्त धार दिलेल्या फोटोत मोडीच्या वळणांना नसलेली टोकं फुटतात.

तिरपा_उजेड
मेगापिक्सेलचा हिशेब सोपा आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० ठिपके. १२ इंच लांबीचा कागद पूर्ण चौकटीत बसवला तर इंचाला ३३३ ठिपके मिळतात, मोडीसाठी ते पुरेसे. २० इंचांचा कागद एकाच फोटोत कोंबला तर २०० उरतात आणि बारीक अक्षर मोठं केल्यावर फुटतं. म्हणून फोन चालतो, फक्त लांब कागद तुकड्यांत घ्या.

कुठल्या लेन्सने काढता हे जास्त महत्त्वाचं. नेहमीच्या १× लेन्सने १२ इंचांचा कागद घ्यायचा तर फोन जेमतेम ९ इंचांवर येतो. मग फोनचीच सावली पडते आणि कडेची अक्षरं ताणली जातात. २× वर हेच अंतर दीड फूट होतं. मात्र २× ही वेगळी लेन्स असावी किंवा सेन्सर ४८-५० मेगापिक्सेलचा असावा, नाहीतर फोन नुसतंच चित्र फुगवतो. घरी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर दोन्ही करून बघा, फरक लगेच दिसेल.

फ्लॅश अजिबात नाही. खिडकीचा उजेड सर्वोत्तम, थेट ऊन नको. आता घड्या. कागद वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेला असतो. उजेड घडीच्या आडवा आला तर प्रत्येक घडीची सावली पडते आणि नेमकी एखादी ओळ तिच्यात जाते. कागद हळूच ९० अंशांत फिरवा, म्हणजे उजेड घडीच्या रेषेतून येईल आणि सावली जवळजवळ नाहीशी होईल. फोटोत कागद आडवा आला तर येऊ द्या, तो नंतर फिरवता येतो. सोन्याचे शिंतोडे असलेला कागद चमकतो, तिथेही उजेडाची दिशा बदलणं हाच उपाय.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर दोष दिव्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे काही ट्यूब आणि एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. ट्रायपॉड नसेल तर कोपर टेबलावर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबताना बसणारा झटका टळतो.

मागची अक्षरं पुढे दिसत असतील तर सुट्या कागदाखाली काळा कागद ठेवा. पाठीकडून परतणारा उजेड कमी होतो आणि पलीकडची शाई दबते.

काजळीशाई
काळ्या कागदाबद्दल थोडी दुरुस्ती. कसरीने खाल्लेल्या कागदाखाली काळा ठेवला की प्रत्येक भोक शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं. अशा वेळी करडा किंवा फिकट निळा घ्या. भोकं ओळखू येतात आणि मागची अक्षरंही थोडी दबतात. आणि खाली काहीही सरकवण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. कागद फाटका असेल तर उचलूच नका.

तिरपा_उजेड
मान्य, भोकांचं बरोबर आहे.

पणजीकर
गोव्याकडे येणार असाल तर एक गोष्ट वेगळी आहे. मोडी कागदांवरची काजळीची शाई कागदाला खात नाही, तिचा शत्रू पाणी. पणजीच्या पुराभिलेखागारातल्या पोर्तुगीज दस्तांत लोहयुक्त शाई भेटते, ती कागद जाळते. जिथे लेखणी दाबून चालली तिथे अक्षराच्या आकाराची चीर पडलेली असते. असं पान हाताने सपाट करायला गेलात तर ओळ गळून हातात येईल. बांधीव ग्रंथ असेल तर तो पूर्ण उघडू नका. ९० अंशांवर आधार देऊन आधी सगळी उजवीकडची पानं घ्या, मग सगळी डावीकडची. क्रम नंतर जुळवता येतो, तुटलेली शिवण नाही.

वतनवाट
सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. तीन-साडेतीन फुटांचे जोड दिलेले कागद कसे घ्यायचे? आणि हातमोजे न्यायचे का?

तिरपा_उजेड
४२ इंचांचा कागद धरा. एका फोटोत १२ इंच घ्या आणि दर वेळी १० इंच पुढे सरका : ० ते १२, १० ते २२, २० ते ३२, ३० ते ४२. चार फोटोंत काम होतं आणि प्रत्येक जोडीत २ इंच सामाईक राहतात. फोन एकाच उंचीवर ठेवून कागद सरकवा. कागद तसाच ठेवून फोन हलवलात तर प्रत्येक फोटोत अक्षराचा आकार बदलतो. शेवटी अख्ख्या कागदाचा एक लांबून घ्या, वाचायला नाही, रचना कळायला. जिथे दोन बंद (कागदाचे तुकडे) चिकटवले आहेत त्या सांध्यांच्या पाठीचा वेगळा फोटो हवाच, मोर्तब (शिक्का) तिथे असू शकते.

काजळीशाई
हातमोजे नकोत, सुती मोज्यांत बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती दाराबाहेर ठेवा. पेन पिशवीतच राहू दे.

परवानगी, दर, दिवसाला किती रुमाल मिळतील, स्वतःचा फोन चालेल की त्यांच्याकडूनच स्कॅन घ्यावे लागतील, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि बदलतं. आधी फोन करून विचारा. अर्ज, संस्थेचं पत्र, ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवा. छापण्याची परवानगी वेगळी असते, तेही त्याच वेळी विचारून घ्या. आणि इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ दरम्यान संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आधी चाळा, छापून झालेल्या कागदासाठी दिवस जायला नको.

पणजीकर
साठवणुकीचं कुणी बोललं नाही. एक जेपेग ४-५ एमबी धरला तर ५०० फोटो म्हणजे अडीच जीबीपर्यंत. रोज संध्याकाळी लॅपटॉप आणि एक पेन ड्राइव्ह अशा दोन ठिकाणी उतरवा, आणि फोनमधून पुसण्याआधी पुडक्यातले कागद आणि फोटो यांची संख्या ताडून बघा. अडलेली ओळ कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि समोरचा बिचारा धूसर ठिपके वाचत बसतो.