मदत हवी आहे: मनगट मोडलं, आता हाडांसाठी एचआरटी (पाळी गेल्यावर घ्यायची हार्मोन्सची औषधं) घ्यावी का?

नमस्कार. माझं वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होतं, म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावला. कण्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून दिलेला आकडा) उणे २.६ आला, खुब्याचा उणे १.९. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), तेव्हा कणा त्यात गेलाच.

ऑर्थोपेडिक म्हणतात, आठवड्यातून एकदा हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेटची गोळी घ्या. गायनॅक म्हणतात, रात्री घामाने भिजून जाग येतेय, वय साठच्या आत आहे, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, तर एचआरटीने दोन्ही त्रासांवर इलाज होईल. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच अडलंय.

एचआरटीतलं इस्ट्रोजेन हार्मोन हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरून धरतं, पाळी गेली की पहिली काही वर्षं हाड भराभर झिजतं, एवढं समजलंय. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह चाचणीत एचआरटी घेणाऱ्यांची खुब्याची फ्रॅक्चर्स सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. पण त्याच चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा (प्रोजेस्टिन म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला, कारण स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. (त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, माझ्यापेक्षा बरंच जास्त.) माझं गर्भाशय काढलेलं नाही, म्हणजे त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन लागणारच. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. माझा मॅमोग्राम नॉर्मल आहे, तरी धास्ती जात नाही.

दुसरीकडे आई डोळ्यांसमोर आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा ती टाच न उचलता काढायची, आता त्याच डब्यासाठी मला हाक मारते. तिच्या पाठीचे मणके दबून मोडले होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. पाठ दुखते म्हणायची, आम्ही वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. ते अजून बोचतं.

एचआरटी थांबवली की झीज पुन्हा सुरू होते, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. मग ज्यांनी चार-पाच वर्षं घेऊन बंद केली, त्यांनी लगेच हाडांचं दुसरं औषध सुरू केलं का? नंतरच्या डेक्सात किती फरक पडला? गोळीपेक्षा जेल किंवा पॅचने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी, म्हणून गायनॅक जेल सुचवताहेत. कुणी वापरलंय? आणि अलेंड्रोनेट उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. मला जुनी ॲसिडिटी आहे, अशा कुणाला ती सोसली का?

कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, चालणं सगळं चालू आहे, त्याबद्दल नाही सांगितलंत तरी चालेल. घरात कर्करोगाचा इतिहास असूनही ज्यांनी एचआरटी घेतली, त्यांनी डॉक्टरांना नेमकं काय काय विचारलं ते जरूर लिहा. गुरुवारी गायनॅककडे जायचंय, तोवर प्रश्नांची यादी करून ठेवते.