रोंगेलापच्या गळ्यातल्या गाठी : पुरावा कुणी द्यायचा?

खाडीकाठ
परवा दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं, 'गाठी काय, कुणालाही होतात. मार्शल बेटांवरच्या लोकांनी प्रत्येक दुखण्याचं खापर अमेरिकेच्या बॉम्बवर फोडलं.' तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

१ मार्च १९५४, पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी. अमेरिकेच्या 'कॅसल ब्राव्हो' या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीचा अंदाज होता सहा मेगाटनच्या (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीएवढा स्फोट) आसपास, निघाले पंधरा. दीडेकशे किलोमीटरवरच्या रोंगेलाप बेटावर काही तासांत पांढरी भुकटी पडायला लागली, भाजून निघालेल्या प्रवाळाची. पोरं त्यात खेळली. पिण्याच्या पाण्यात ती पडली आणि तेच पाणी सगळे प्यायले. लोकांना तिथून हलवेपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. १९५७ साली 'आता ठीक आहे' म्हणून परत नेऊन सोडलं. १९६३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात पहिली गाठ सापडली. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांच्या आत असलेल्या बहुतेक पोरांना पुढे थायरॉईडचा काही ना काही त्रास निघालाच.

नंतर नुकसानभरपाईसाठी न्यूक्लिअर क्लेम्स ट्रायब्यूनल बसलं. त्याचा नियम साधा: चाचण्यांच्या काळात तू मार्शल बेटांवर होतास, आजार आमच्या यादीत आहे, विषय संपला. कारण सिद्ध करायची जबाबदारी रुग्णावर नाही. माझ्या मते हेच बरोबर.

आकडेमोड्या
रोंगेलापबद्दल वाद नाहीच हो. माझा आक्षेप त्या 'मार्शल बेटांवर होतास' या सरसकटपणाला आहे. सोनोग्राफीचं मशीन घेऊन कुठल्याही गावात बसा, चाळिशीपुढच्या बायकांच्या गळ्यात ढिगाने गाठी सापडतील. दक्षिण कोरियात तपासण्यांचा धडाका लागला आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. तिथे कुठला बॉम्ब पडला होता?

१९८७ मध्ये हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी १४ बेटसमूहांवरचे ७,२६६ लोक तपासले आणि बिकिनीपासून जितकं लांब तितक्या गाठी कमी, असं मांडलं. पण ती तपासणी गळा हाताने चाचपून केलेली. नव्वदच्या दशकात जपानी डॉक्टरांच्या पथकाने सोनोग्राफी केली, तेव्हा गाठी सगळीकडेच निघाल्या आणि अंतराचं गणित जुळलं नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा अंदाज आला: त्या काळच्या सुमारे २५,००० लोकांत आयुष्यभरात १०,६०० कॅन्सर, त्यातले किरणोत्सारामुळे सुमारे १७०.

खाडीकाठ
त्याच अंदाजात रोंगेलाप आणि त्याच्या शेजारच्या आयलिंगिने बेटावरच्या ८२ जणांच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून जास्त किरणोत्सारामुळे धरलेत. तो आकडा बरा गाळलात.

नाना
म्हणजे आपल्या तारापूरजवळ राहणाऱ्यांनी काय समजायचं?

खाडीकाठ
नाना, त्याला वेगळा धागा काढा. मीही येतो तिकडे.

आयोडीनवाली
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे, म्हणून थोडं. हायपरथायरॉईडच्या पेशंटला आम्ही आयोडीन-१३१ (किरणोत्सारी आयोडीन, ते थायरॉईड ग्रंथीत साठतं) पाजतो ते ग्रंथी मुद्दाम निकामी करायला. त्यात ग्रंथीला साधारण शंभर ग्रे (ग्रे म्हणजे किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) किंवा जास्त मात्रा बसते. रोंगेलापच्या लोकांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या १९८५ च्या हिशोबात रोंगेलापवरच्या एक वर्षाच्या बाळाच्या थायरॉईडला सुमारे ५० ग्रे. मोठ्या माणसाची ग्रंथी वीसेक ग्रॅमची, बाळाची जेमतेम दोन. घोट तेवढाच, पण ग्रंथी दहापट लहान.

आणि हा हिशोब इतका उशिरा का? लघवीचे नमुने घेतले ते दोनेक आठवड्यांनी. बॉम्बच्या भुकटीतलं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून ते सापडलं. आयोडीन-१३३ एकवीस तासांत निम्मं होतं, बाकीची काही त्याहून लवकर. ती नमुना घेईपर्यंत संपलेली होती, पण बहुतेक मार त्यांचाच होता.

आता दोन मुलगे. दोघंही स्फोटाच्या वेळी वर्षभराचे. वाढ खुंटली, चेहरा सुजल्यासारखा, चाल मंद. तरी रक्तातल्या आयोडीनची त्या काळची तपासणी नॉर्मल येत राहिली. पुढे कळलं की मार्शलच्या लोकांच्या रक्तात एक आयोडीनयुक्त प्रथिन मुळातच जास्त असतं आणि त्यामुळे आकडा फुगतो. ग्रंथी जवळपास मेलेली, रिपोर्ट चांगला. रोंगेलापच्या लोकांना थायरॉक्सिनच्या (थायरॉईडच्या संप्रेरकाच्या) गोळ्या सुरू झाल्या त्या १९६५ मध्ये.

आकडेमोड्या
रक्ताच्या रिपोर्टचं मला ठाऊक नव्हतं. मान्य. पण पैशाचं बघा. भरपाईसाठी अमेरिकेने दिलेला निधी होता १५ कोटी डॉलरचा. ट्रायब्यूनलने जमिनीसकट मंजूर केले दोन अब्जांच्या वर. तिजोरीत खडखडाट. पूर्ण रक्कम हाती पडायच्या आतच कित्येक दावेदार गेले. यादी आणि भूगोल आखडता घेतला असता तर रोंगेलापवाल्यांना तरी पुरतं मिळालं असतं.

खाडीकाठ
क्रम उलटा लावताय. १५ कोटींचा आकडा अमेरिका आणि मार्शल बेटांमधल्या १९८६ च्या कराराबरोबर आला, ट्रायब्यूनल १९८८ मध्ये बसलं. जेवणावळीला किती पानं बसणार ते न विचारता भात शिजवला, आणि आता म्हणता वाढप्याने हात सैल सोडला.

आणि तुमच्या 'गाठी सगळीकडेच निघाल्या'वर एक प्रश्न. ब्रूकहेवनवाले रोंगेलापच्या लोकांची तुलना कुणाशी करत होते? स्फोटाच्या दिवशी बाहेरगावी असलेल्या रोंगेलापवाल्यांशी. ते १९५७ ला त्याच बेटावर परत आले, तिथलेच नारळ आणि खेकडे खाऊन राहिले. हे 'बाधित नसलेले'.

आकडेमोड्या
तो गट कच्चा होता, कबूल. पण आयोडीन तर तोवर कधीच संपलं होतं. नारळात उरलं ते सीझियम, आणि ते थायरॉईडमध्ये साठत नाही. आयोडीनवाली ताई, बरोबर ना?

आयोडीनवाली
सीझियमचं बरोबर. पण स्फोटाच्या दिवशी ही माणसं बाहेरगावी म्हणजे दुसऱ्या बेटांवर होती. तिथे काहीच पडलं नाही, असं कुठे आहे?